थीम अपडेट केली आणि साइटचं रूपच बदललं? चाइल्ड थीम समजून घ्या

वर्डप्रेसच्या डॅशबोर्डवर लाल गोळ्यात आकडा दिसला की लोक एकतर महिनोन्महिने तिकडे ढुंकून बघत नाहीत, नाहीतर एखाद्या निवांत दुपारी सगळं सिलेक्ट करून अपडेटचं बटण दाबून मोकळे होतात. बटण दाबणाऱ्यांपैकी काहींना मग साइट उघडल्यावर घाम फुटतो. हेडिंगचा रंग गेलेला, मराठी फॉन्ट गेलेला, फुटरमध्ये, म्हणजे पानाच्या तळाच्या पट्टीत, दुकानाचा पत्ता होता तिथे थीमवाल्या कंपनीचं नाव आलेलं. हॅक झाली की काय म्हणून फोनाफोनी सुरू होते, आणि ज्या ओळखीच्या मुलाने साइट करून दिली होती तो आता हिंजवडीत नोकरीला लागलेला असतो, तो म्हणतो काका रविवारी बघतो.

बहुतेक वेळा हॅक वगैरे काही झालेलं नसतं. अपडेटने आपलं काम चोख केलेलं असतं. गडबड त्याआधीच झालेली असते, साइट करून देताना, कारण बदल चुकीच्या जागी केलेले असतात. ती बरोबर जागा म्हणजे चाइल्ड थीम. पण ती कशाला लागते हे कळायला आधी वर्डप्रेस कुठे काय ठेवतं ते बघायला लागेल.

तुमची साइट दोन ठिकाणी राहते

वर्डप्रेस म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे कोडिंग न येणाऱ्या माणसालाही लेख लिहून, फोटो टाकून साइट चालवता यावी यासाठीचं सॉफ्टवेअर. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ते मे २००३ मध्ये आणलं आणि आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्याच्यावर चालतात, त्यामुळे पेठेतल्या क्लासपासून बाणेरच्या स्टार्टअपपर्यंत कोणाचीही साइट वर्डप्रेसवर निघाली तर नवल नाही.

तुम्ही लिहिलेले लेख, पानं, मेनू, सेटिंगमध्ये निवडलेले रंग, हे सगळं डेटाबेसमध्ये साठतं. आणि साइट दिसते कशी, हेडर कुठे, फुटर कुठे, अक्षर केवढं, हे ठरवते थीम. ही थीम म्हणजे सर्व्हरवरचा एक साधा फोल्डर असतो, त्यात फाइली असतात. स्टाइल डॉट सीएसएस नावाच्या फाइलमध्ये रंगरूप, फंक्शन्स डॉट पीएचपी नावाच्या फाइलमध्ये थीम काय काय करू शकते ते, आणि बाकी टेम्प्लेट फाइली, म्हणजे एकेका पानाचा किंवा पानाच्या भागाचा सांगाडा.

एवढं लक्षात ठेवा, डेटाबेस वेगळा आणि थीमचा फोल्डर वेगळा. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

अपडेट दाबल्यावर नेमकं होतं काय

पुष्कळ जणांना वाटतं अपडेट म्हणजे जुन्या थीममध्ये नवीन चार गोष्टी घातल्या जातात. तसं नाही. वर्डप्रेस नवीन झिप फाइल डाउनलोड करतं, थीमचा जुना फोल्डर काढून टाकतं आणि त्याच नावाने नवा ठेवतं. जुन्या फोल्डरमधल्या फाइलींत तुम्ही काय खाडाखोड केली होती हे ते बघत नाही, तुम्हाला विचारतही नाही. डेटाबेसला आणि फोटोंच्या वेगळ्या फोल्डरला हात लागत नाही म्हणून लेख आणि फोटो शाबूत राहतात, थीमच्या फाइलीत केलेलं सगळं मात्र जातं.

बरं, हे तुम्ही बटण दाबल्यावरच होईल असंही नाही. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या वर्डप्रेस ५.५ पासून थीमचं ऑटो-अपडेट डॅशबोर्डमधूनच चालू करता येतं. कोणीतरी ते चालू करून ठेवलेलं असतं आणि मग एके दिवशी सकाळी साइट वेगळीच दिसते, आणि घरात आणि ऑफिसात सगळे म्हणतात मी काहीच केलं नाही, आणि ते खरंही असतं.

मग अपडेटच करायचं नाही, प्रश्न मिटला की

हा उपाय पुण्यात फार लोकप्रिय आहे. चालतंय ना, मग कशाला हात लावायचा. पण थीमची अपडेट्स फक्त नवीन डिझाइनसाठी येत नाहीत, कोडमध्ये सुरक्षेची एखादी फट सापडली की ती बुजवण्यासाठीही येतात, आणि फट जाहीर झाली की ती न बुजवलेल्या साइट शोधत फिरणारे प्रोग्राम कामाला लागतात, ते तुमची साइट छोटी आहे की मोठी हे बघत बसत नाहीत. शिवाय होस्टिंगवाला, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर साइट ठेवलीय तो, एक दिवस पीएचपीचं, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिचं, नवं व्हर्जन आणतो आणि जुनी थीम त्यावर चालेलच असं नाही. म्हणजे अपडेट टाळून आजचा वैताग वाचतो, पण पुढे हॅक झालेली किंवा बंद पडलेली साइट निस्तरायची वेळ येते आणि त्याचं बिल जास्त येतं.

चाइल्ड थीम करते काय

घरात पाककृतींचं एक छापील पुस्तक असतं आणि एक आईच्या हातची वही. पुस्तकातल्या आमटीत गूळ कमी वाटला तर आई पुस्तकात खाडाखोड करत नाही, ती वहीत आपली आमटी लिहून ठेवते. स्वयंपाक करताना आधी वही बघायची, तिथे तो पदार्थ असेल तर तसा करायचा, नसेल तर पुस्तक. उद्या पुस्तकाची नवी आवृत्ती आणली तरी वही आहे तशीच.

चाइल्ड थीम म्हणजे ती वही. हा एक वेगळा छोटा फोल्डर असतो, त्यात फक्त तुमचे बदल असतात, आणि त्यात वर्डप्रेसला सांगितलेलं असतं की बाकीचं सगळं अमुक थीममधून घे. त्या अमुक थीमला म्हणतात पॅरेंट थीम. पान दाखवताना वर्डप्रेस आधी चाइल्डमध्ये फाइल शोधतं, नसेल तर पॅरेंटमध्ये जातं. पॅरेंटला कितीही अपडेट आली तरी चाइल्डचा फोल्डर जागच्या जागी.

मराठी साइटवरचे तीन बदल

नुसतं हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. समजा अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छोट्या प्रकाशकाची साइट आहे, पुस्तकांची माहिती, दिवाळी अंकाची जाहिरात, थोडे लेख. परदेशात बनलेली एखादी चकाचक फुकट थीम टाकलीय. आता या थीम इंग्रजी अक्षरं डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या असतात, त्यामुळे मराठी मजकूर टाकला की घोळ सुरू होतो.

पहिला घोळ हेडिंगचा. अनेक थीममध्ये हेडिंगच्या अक्षरांत थोडी मोकळी जागा सोडलेली असते, त्याला लेटर-स्पेसिंग म्हणतात. इंग्रजीत ते छान दिसतं, मराठीत शिरोरेषा तुटते. 'दिवाळी अंक' हे शब्द असे दिसतात की प्रत्येक अक्षर आपापली टोपी घालून वेगळं उभं आहे. त्यात दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलेलं, म्हणजे वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांवर आणि रफारांवर आदळतात. यावर इलाज म्हणजे चाइल्डच्या स्टाइल डॉट सीएसएसमध्ये दोन-तीन ओळी, की हेडिंगची लेटर-स्पेसिंग शून्य, ओळींमधलं अंतर साधारण दीडपट, आणि फॉन्ट मुक्ता किंवा दुसरा कुठला चांगला देवनागरी फॉन्ट. (जाता जाता, सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी ठेवा, हिंदी किंवा इंग्रजी नको. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात आणि पानाची भाषा मराठी असेल तरच ब्राउझर ते दाखवतो. पुण्यात या ल वरून बोलणारे वाचक भेटतात.)

इथे पॅरेंटची सगळी स्टाइल तशीच राहते आणि वरून तुमच्या तीन ओळी लागू होतात. ब्राउझरचा नियम साधा आहे, दोन सूचना सारख्याच तोलाच्या असतील तर नंतर आलेली जिंकते, म्हणून चाइल्डची स्टाइल पॅरेंटच्या नंतर लोड व्हायला पाहिजे.

दुसरा बदल फुटरचा. तिथे थीमवाल्याचं नाव काढून दुकानाचा पत्ता आणि वेळ टाकायची आहे, आणि थीमच्या सेटिंगमध्ये तशी सोय नाहीये. मग पॅरेंटमधली फुटर डॉट पीएचपी ही फाइल कॉपी करून चाइल्डच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि त्या कॉपीत बदल करायचा. आता वर्डप्रेस पॅरेंटची फुटर फाइल उघडणारच नाही, फक्त तुमची. म्हणजे स्टाइलसारखी इथे भर पडत नाही, अख्खी फाइलच बदलली जाते. याची एक किंमत आहे, ती पुढे सांगतो.

तिसरा बदल, लेखाच्या तुकड्याखाली येणारं इंग्रजी 'रीड मोअर' काढून 'पुढे वाचा' करायचं. हे फंक्शन्स डॉट पीएचपीमध्ये चार ओळी लिहून होतं. आणि नेमकी इथे वहीची उपमा थकते, कारण ही फाइल दोन्हीकडची वाचली जाते, आधी चाइल्डची, लगेच मागून पॅरेंटची. म्हणून पॅरेंटची अख्खी फंक्शन्स फाइल कॉपी करून चाइल्डमध्ये कधीही टाकू नका. एकाच नावाचं फंक्शन दोनदा आलं की पीएचपी तिथेच हात वर करतं आणि साइटवर क्रिटिकल एररची पाटी लागते. चाइल्डच्या फाइलमध्ये फक्त तुमच्या नव्या ओळी हव्यात.

खरं सांगायचं तर नुसती भाषांतरंच करायची असतील, शंभरेक इंग्रजी शब्द मराठीत आणायचे असतील, तर चाइल्ड थीमच्या भानगडीत पडू नका. लोको ट्रान्सलेटसारखं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं छोटं जादा सॉफ्टवेअर, टाका आणि भाषांतराची फाइल त्याच्या कस्टम जागेत सेव्ह करा, अपडेटमध्ये ती जात नाही.

बनवायची कशी

वाटतं त्यापेक्षा फारच सोपं आहे. कॉम्प्युटरवर एक नवा फोल्डर करा, नाव पॅरेंटच्या नावापुढे डॅश आणि चाइल्ड असं ठेवायची पद्धत आहे, पण त्यात तुमचंही काहीतरी घाला, कारण तेच फोल्डरनाव वर्डप्रेसच्या थीम डिरेक्टरीत दुसऱ्या कोणाचं निघालं तर त्या थीमचं अपडेट तुमच्या चाइल्डवर येऊन बसू शकतं आणि मग सगळाच आनंद.

फोल्डरमध्ये स्टाइल डॉट सीएसएस फाइल करा. तिच्या अगदी वरती कॉमेंटच्या चिन्हांमध्ये दोन ओळी पुरतात. एक 'थीम नेम', म्हणजे तुमच्या थीमचं नाव, आणि दुसरी 'टेम्प्लेट', आणि त्यापुढे पॅरेंटच्या फोल्डरचं नाव. अर्थात हे सगळं इंग्रजी अक्षरांत. 'टेम्प्लेट'पुढे थीमचं डॅशबोर्डवर दिसणारं सुंदर नाव लिहायचं नाही, सर्व्हरवर फोल्डरला जे नाव आहे तेच अक्षरन् अक्षर लिहायचं, तिथलं सगळं स्मॉल असेल तर इथेही सगळं स्मॉल. 'पॅरेंट थीम सापडत नाही' हा एरर बऱ्याचदा इथेच उगवतो.

मग फंक्शन्स डॉट पीएचपी करा आणि त्यात चाइल्डची स्टाइल लोड करायला सांगा. वर्डप्रेसमध्ये याला एन्क्यू करणं म्हणतात, म्हणजे स्टाइलची फाइल रांगेत लावणं. काही थीम आपली स्टाइल स्वतःच लोड करतात, तेव्हा तुम्ही फक्त चाइल्डची लावायची, काहींच्या बाबतीत पॅरेंटचीही लावायला लागते, आणि हे थीमच्या माहितीपानावर बहुतेक लिहिलेलं असतं, कित्येक थीमवाले तर तयार चाइल्ड थीमची झिपच देतात, ती घेतली तर सगळ्यात उत्तम. जुन्या लेखांमध्ये सीएसएस फाइलीतच इम्पोर्टची ओळ टाकून पॅरेंटची स्टाइल आणायला सांगितलेलं दिसेल, ते करू नका, त्याने एक फाइल संपल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही आणि पान रेंगाळतं.

फोल्डरची झिप करायची, अपिअरन्समध्ये थीम्सवर जाऊन अपलोड करायची, ॲक्टिव्हेट. पॅरेंट थीमही इन्स्टॉल असायला हवी, ॲक्टिव्ह नाही.

कोड कुठून कॉपी केलाय याकडे मात्र बघा. वर्डच्या फाइलमधून किंवा फोनवरच्या मेसेजमधून आलेल्या कोडमध्ये सरळ अवतरणचिन्हांची वाकडी गोंडस चिन्हं झालेली असतात, डोळ्याला फरक जाणवत नाही, पीएचपीला जाणवतो. नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये बघून नीट करा. आणि तरी साइट बंद पडलीच तर घाबरू नका, होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन चाइल्डच्या फोल्डरचं नाव बदला, मग डॅशबोर्डमधलं थीम्सचं पान उघडा, वर्डप्रेसला थीम सापडत नाही म्हणून ते दुसऱ्या थीमवर जातं आणि तुम्हाला श्वास घ्यायला जागा मिळते. २०१९ च्या ५.२ व्हर्जनपासून अशा वेळी ॲडमिनच्या ईमेलवर रिकव्हरीची लिंकही येते, फक्त तो ईमेल ॲडमिनचा खरा हवा, साइट करून देणाऱ्याचा जुना नको.

ॲक्टिव्हेट केली आणि मेनू गेला, लोगो पण गेला

हा धक्का हमखास बसतो आणि लोक घाबरून चाइल्ड थीम काढून टाकतात. काही गेलेलं नसतं. कस्टमायझरमधली, म्हणजे साइटचं रूप बदलायच्या पानावरची, बरीच सेटिंग वर्डप्रेस थीमच्या नावाने डेटाबेसमध्ये ठेवतं, आणि चाइल्ड ही त्याच्या दृष्टीने नवी थीम, म्हणून तिचा कप्पा रिकामा. परत पॅरेंटवर गेलात तर सगळं जसंच्या तसं दिसेल. लोगो आणि मेनूची जागा पुन्हा निवडा, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, किंवा चाइल्ड थीम कॉन्फिगरेटर नावाचं प्लगइन आहे ते थीम बनवतानाच ही सेटिंग कॉपी करतं. म्हणूनच नवी साइट असेल तर पहिल्याच दिवशी चाइल्ड थीम टाकून मग सजावटीला लागावं, आणि चालू साइटवर टाकायची असेल तर बॅकअप घेऊन, गर्दी नसेल अशा वेळी.

ॲडिशनल सीएसएस असताना एवढा खटाटोप कशाला

रास्त शंका. कस्टमायझरमधला ॲडिशनल सीएसएसचा चौकोन डिसेंबर २०१६ च्या ४.७ व्हर्जनमध्ये आला आणि तिथे लिहिलेलं डेटाबेसमध्ये जातं, अपडेटने पुसलं जात नाही. आपल्या प्रकाशकाला फक्त हेडिंगच नीट करायचं असतं तर मी त्याला चाइल्ड थीम बनवू नका असंच सांगितलं असतं, पाच-पंचवीस ओळींसाठी तो चौकोन पुरतो. पण फुटरची फाइल त्यात बदलता येत नाही, पीएचपी लिहिता येत नाही, आणि तीन-चारशे ओळी झाल्या की कोणती ओळ कशासाठी हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

तसंच पीएचपीच्या चार ओळी दिसण्याशी संबंधित नसतील, म्हणजे ऑर्डरचा ईमेल कोणाला जावा वगैरे, तर त्या चाइल्ड थीमऐवजी छोट्या प्लगइनमध्ये ठेवलेल्या बऱ्या. उद्या थीम बदलली तर चाइल्ड थीम निकामी होणार आणि ऑर्डरचे ईमेल बंद पडणार, आणि तेव्हा कारण शोधत बसावं लागेल.

साइट स्लो होते का

नाही. एक छोटी सीएसएस फाइल जास्त लोड होते, तेवढंच. पाच एमबीचे फोटो जसेच्या तसे चढवणाऱ्यांनी चाइल्ड थीमवर संशय घेऊ नये.

तोटा काहीच नाही का मग

आहे, आणि तो फुटरच्या उदाहरणात लपलाय. कॉपी केलेली फाइल त्या दिवसाची असते. पुढे पॅरेंटमध्ये त्याच फाइलीतली सुरक्षेची फट बुजवली किंवा तिची रचना बदलली तर ती सुधारणा तुमच्या कॉपीत येत नाही, तुमची जुनी फाइलच चालत राहते. ऑनलाइन दुकानासाठी वूकॉमर्स वापरत असाल तर त्याच्या स्टेटस पानावर तुमच्या थीममधल्या जुन्या झालेल्या टेम्प्लेट फाइलींची यादी दिसते, बाकी ठिकाणी स्वतःच नजर ठेवावी लागते. त्यामुळे नियम असा ठेवा की जे हुक वापरून होतंय, म्हणजे थीमने कोडमध्ये मुद्दाम सोडलेल्या खुंटीला आपला कोड अडकवून, ते तसंच करायचं, आणि अख्खी फाइल कॉपी करायची ती अगदी दुसरा रस्ताच नसेल तेव्हा. पंधरा फाइली कॉपी केलेली चाइल्ड थीम दिसली तर समजा की तिथे वेगळी थीमच निवडायला हवी होती.

नवीन ब्लॉक थीममध्ये पण हे लागतं का

पूर्वीइतकं नाही. जानेवारी २०२२ च्या ५.९ व्हर्जनपासून साइट एडिटर आला, त्यावर चालणाऱ्या थीमना ब्लॉक थीम म्हणतात आणि त्यात हेडर, फुटर, रंग, फॉन्ट सगळं माउसने बदलता येतं. आणि हे बदल जातात डेटाबेसमध्ये, म्हणजे थीम अपडेट झाली तरी टिकतात. आपल्या प्रकाशकाचा फुटर तिथे पाच मिनिटांत झाला असता, एकही फाइल कॉपी न करता.

पण एकच डिझाइन तीन साइटवर न्यायचं असेल, किंवा बदलांची नोंद ठेवून दोन-तीन जणांनी मिळून काम करायचं असेल, तर डेटाबेसपेक्षा फाइली सोयीच्या, आणि तिथे ब्लॉक थीमचीही चाइल्ड थीम करतात. तिच्यात थीम डॉट जेसन नावाच्या फाइलमध्ये रंग-फॉन्ट लिहिलेले असतात आणि चाइल्डच्या फाइलमधल्या गोष्टी पॅरेंटच्या वर बसतात. क्रिएट ब्लॉक थीम नावाचं वर्डप्रेसचंच प्लगइन आहे, ते एडिटरमधले बदल फाइलींमध्ये उतरवून देतं.

साइट दुसऱ्याकडून करून घेत असाल तर

कोड तुम्ही लिहिणार नसाल तरी पैसे देण्याआधी एवढं स्वतः बघा. अपिअरन्समध्ये थीम्स उघडा, ॲक्टिव्ह थीमच्या डिटेल्सवर क्लिक करा. ही अमुक थीमची चाइल्ड थीम आहे अशी ओळ तिथे दिसली तर ठीक. नसेल तर करून देणाऱ्याला विचारा, की थीमच्या फाइलीत हात घातलाय का. नाही म्हणाला आणि सगळं सेटिंगमधूनच केलंय म्हणाला तर तेही चालेल, मग त्याच्यासमोरच बॅकअप घेऊन थीम अपडेट करून दाखवायला सांगा. कां कूं करायला लागला तर उरलेला हप्ता थांबवा.

आणि थीमच्या यादीत पॅरेंट नुसतीच पडून दिसते, वापरात नाही असं वाटतं, म्हणून साफसफाईत ती उडवू नका. डॅशबोर्डवर तिच्यासाठी डिलीटचं बटण वर्डप्रेस मुद्दामच दाखवत नाही, पण होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून ती उडवता येते, आणि उडवली तर चाइल्डला उभं राहायला काहीच उरत नाही.